बिल्ट-इन मायक्रोवेव्ह ओव्हन : गोव्यातील घरगुती वापर व सुरक्षितता

स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा उंच खणात कायमचा बसवलेला, समोरून फक्त दार आणि बटणे दिसणारा मायक्रोवेव्ह ओव्हन. ओट्यावर सुटा ठेवतात त्या ओव्हनपेक्षा याच्या पोटातले यंत्र फारसे निराळे नसते. निराळी असते ती त्याच्या भोवतीची जागा. म्हणून या ओव्हनची सुरक्षितता निम्मी यंत्रावर आणि निम्मी कपाटावर अवलंबून असते, आणि दुसऱ्या निम्म्याकडे सहसा कोणी बघत नाही. पणजी, पर्वरी, ताळगाव, मडगाव, फोंडा इथल्या नव्या सदनिकांत तो मॉड्युलर किचनबरोबर आला. जुन्या चिऱ्याच्या घरांतही रांदचीकूड (स्वयंपाकघर) नव्याने करताना त्याच्यासाठी खण काढून ठेवतात.

मायक्रोवेव्ह तयार करणारी मॅग्नेट्रॉन ही नळी दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी वापरात आली. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातला खाऊ चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळला आणि १९४५ मध्ये त्यांनी या पद्धतीने अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच होता आणि त्याचे वजन सुमारे ३४० किलो होते. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन १९६७ मध्ये आला.

कार्य : घरगुती ओव्हनमधील लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १२ सेंमी. या लहरींच्या विद्युत् क्षेत्रात पाण्याचे रेणू सतत दिशा बदलत राहतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. अन्नात त्या दोन-तीन सेंमीपर्यंतच परिणामकारक असतात. त्याच्या आतला भाग बाहेरच्या भागाकडून पोहोचणाऱ्या उष्णतेने तापतो. ‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे. धातूच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही जागी जोर धरतात, काही जागी एकमेकींना मारतात. फिरती काचेची थाळी असते ती यासाठी. तरीही हुमणाच्या (माशाच्या आमटीच्या) वाटीची कड चटका देते आणि मधला तुकडा फ्रिजमधलाच राहतो, हा अनुभव सर्वांना आहे.

दाराच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी असते. भोके १२ सेंमीच्या लहरीच्या मानाने इतकी लहान असतात की उजेड पार जातो, लहर जात नाही. दार उघडताच एकाहून अधिक अंतर्गत स्विच मॅग्नेट्रॉनची वीज तोडतात आणि लहरी त्याच क्षणी संपतात. अन्नात किंवा पोकळीत (अन्न ठेवण्याच्या आतल्या जागेत) काही साठून राहत नाही. या लहरी क्ष-किरणांसारख्या आयनकारी (अणूतले इलेक्ट्रॉन बाहेर काढणाऱ्या) नाहीत, त्यांनी अन्न किरणोत्सर्गी होत नाही. ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंमीवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही गळतीची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते आणि अंतर वाढेल तशी गळती झपाट्याने कमी होते. लोक घाबरतात ते या ‘किरणांना’. पण भाजणे, शॉक, आग आणि शिळ्या अन्नाची बाधा हे घरात खरोखर घडणारे प्रकार आहेत, आणि त्यांच्याबद्दल दुकानात कोणी विचारत नाही. दाराबाबत लक्ष द्यायचे ते एवढेच : कडेला तूप-मसाल्याचा थर साचू न देणे, बिजागरी वाकली किंवा काच तडकली तर ओव्हन बंद ठेवणे. चालू ओव्हनमध्ये मोबाईल ठेवण्याचा तर प्रश्नच नाही, पण बंद ओव्हनमध्ये तो ठेवून रिंग वाजते का पाहण्याची जी ‘गळती चाचणी’ सांगितली जाते, तिच्यातूनही काही सिद्ध होत नाही. गळती मापकानेच मोजावी लागते.

कपाट आणि हवा : आठ-नऊशे वॅट अन्नाला देणारा ओव्हन विजेच्या तारेतून बाराशे ते चौदाशे वॅट ओढतो. मधला फरक यंत्रातच उष्णता होऊन उतरतो आणि ती बाहेर टाकायला पंखा लागतो. खरा बिल्ट-इन ओव्हन ही हवा ठरलेल्या वाटेने, बहुधा पुढच्या चौकटीतल्या फटींतून किंवा मागच्या मोकळ्या जागेतून फिरवतो. तशी जागा मिळाली तरच. गोव्यात वारंवार दिसणारे चित्र वेगळे आहे. घरात आधीपासून असलेला सुटा ओव्हन मेस्त (सुतार) कपाटाच्या खणात मापून बसवतो, भोवती लाकडी पट्टी मारतो, मागची प्लाय तशीच ठेवतो. दिसायला अगदी बिल्ट-इन. अशा सुट्या ओव्हनच्या पुस्तिकेत वरती २० ते ३० सेंमी आणि मागे सुमारे १० सेंमी मोकळी जागा मागितलेली असते. खणात बोटभरही नसते. दहा मिनिटे चालवल्यावर वरच्या फळीला हात लावला तर ती शेकलेली लागते, आणि ओव्हन मध्येच आपोआप बंद पडतो. ते तापमान-रक्षक स्विचचे काम आहे, बिघाड नव्हे. पण घरचे तंत्रज्ञाला बोलावतात, तो ओव्हन बाहेर काढून ओट्यावर चालवून दाखवतो आणि जातो. उपाय म्हणजे मागची प्लाय कापणे, वर-खाली हवेची वाट ठेवणे, किंवा त्या मॉडेलसाठी कंपनीची चौकट असेल तर तीच वापरणे. ओव्हन कपाटाला स्क्रूने पक्का असावा. खाली उघडणाऱ्या दारावर मूल लोंबकळले तर सैल ओव्हन पुढे कलंडतो.

उंचीचाही विचार हवा. खण खांद्याच्या वर गेला की उकळती वाटी तोंडासमोरून खाली आणावी लागते. ओव्हनचा तळ कोपराच्या आसपास आणि शेजारी भांडे टेकवायला हातभर ओटा, ही सोय चांगली. गॅसच्या शेगडीवर टांगायला फक्त त्यासाठीच बनवलेले मॉडेल चालते.

दमट हवा : जून ते सप्टेंबर गोव्यात भिंतींना ओल येते आणि किनाऱ्यालगतच्या गावांत हवेत मीठही असते. मिरामार किंवा कोलव्याच्या बाजूच्या घरात ओव्हनच्या पोकळीत, फिरत्या थाळीच्या चाकांखाली, रंगाला आधी भिंगाएवढा फुगा येतो. तो फुटला की तांबूस डाग दिसतो. तिथे उघडा पडलेला पत्रा ठिणग्या टाकू लागतो. असा डाग साध्या घरगुती रंगाने झाकू नये. मायक्रोवेव्हच्या पोकळीसाठीचा रंग वेगळा मिळतो. पोकळीच्या बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा माइकाचा (अभ्रकाचा) तुकडा असतो, त्यावर तेल उडून करपले तरी ठिणग्या पडतात. तो तुकडा स्वस्तात बदलता येतो. अनेकांना तो पॅकिंगचा भाग वाटतो आणि ते उपटून टाकतात.

कपाटातली ऊब मुंग्या, झुरळे आणि पालींना आवडते. आदल्या पावसाळ्यात बटणांच्या पट्टीमागे घर केलेल्या पालीने सर्किट बोर्ड जाळल्याच्या कहाण्या गोव्यातल्या प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याकडे असतात. कामगिरीवर किंवा आखातात असलेल्यांची घरे महिनोन्महिने बंद राहतात. अशा घरात परतल्यावर प्लग लावण्याआधी मागचा भाग आणि वायर पाहावी, मग एक कप पाणी ठेवून मिनिटभर चालवावे. आठशे वॅटच्या ओव्हनमध्ये २५० मिली पाणी एवढ्या वेळात साधारण ४० अंशांनी तापते. पाणी कोमटच राहिले तर मॅग्नेट्रॉन थकला आहे. रिकामा ओव्हन मात्र चालवू नये : लहरी शोषायला काही नसले की त्या मॅग्नेट्रॉनकडेच परततात.

वीज : १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच), एवढे लागतेच. कन्व्हेक्शनवाला (गरम हवेने भाजण्याचीही सोय असलेला) ओव्हन दोन हजार वॅटच्याही वर जातो. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिजबरोबर तो जोडणे म्हणजे वायर वितळवणे. सॉकेट ओव्हनच्या थेट मागे नको, शेजारच्या खणात हवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा ओव्हन न ओढता वीज तोडता येते. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की स्विच बंद करण्याची सवय टीव्हीइतकीच इथेही उपयोगी. ओव्हनचे कवच घरी कधीच उघडू नये. आत कित्येक हजार व्होल्टची जोडणी असते आणि तिचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून बसतो. पंखा-मिक्सर दुरुस्त करणारा हुशार शेजारीही इथे चालत नाही.

अन्न व भांडी : ‘कालची कडी’ ही गोव्याची खास चीज. आदल्या रात्रीचे हुमण आटवून सकाळी पोईबरोबर (गोव्याच्या पावाबरोबर) खायचे. चुलीवर ते आटते ते वाफ सतत निघून जात असल्याने. मायक्रोवेव्हमध्ये तेच घट्ट, नारळाच्या रसाचे हुमण वाफ अडवून धरते आणि फटकन् उसळते; शिवाय त्यातले तेल-मसाले प्लॅस्टिकच्या डब्याला चरे पाडतात. काचेच्या किंवा चिनी मातीच्या खोलगट भांड्यात, वर सैल झाकण ठेवून, मध्यम शक्तीवर थोडा-थोडा वेळ गरम करावे, मध्ये ढवळावे आणि बाहेर काढण्यापूर्वी मिनिटभर तसेच राहू द्यावे, म्हणजे मधला गारवा जातो. पोईला पंधरा-वीस सेकंद पुरतात. दोन मिनिटे ठेवलेली पोई आतून कोळसा होते आणि बाहेरून शहाजोग दिसते.

फणसाच्या आठळ्या, ज्यांना इथे बिकणां म्हणतात, त्या अखंड ठेवल्या तर बंदुकीसारख्या फुटतात. अंडेही तसेच, सोललेले उकडलेलेसुद्धा. आठळीला चीर द्यावी. टरफलासकट काजूबी मात्र अजिबात नको : टरफलातले तेल त्वचा भाजते, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून ती परसात उघड्यावर भाजण्याची पद्धत आहे. फेणी तापवू नये, वाफ पेट घेते. पावसाळ्यात पापड मऊ पडले तर ते ओव्हनमध्ये छान कुरकुरीत होतात. त्याच उत्साहात ओले पायमोजे किंवा सुक्या मिरच्या वाळवायला ठेवणाऱ्यांनी आगीचा किंवा ठसक्याचा अनुभव घेतलेला असतो.

जुन्या घरांत पोर्तुगीज काळातल्या सोनेरी कडेच्या बश्या असतात. त्या कडेवर ठिणग्या नाचतात आणि सोने काळे पडते. स्टीलचा डबा लहरी परतवतो, अन्न तापत नाही. ॲल्युमिनियम फॉइल, पार्सलच्या पिशवीची स्टेपल पिन, मेलामाइनच्या ताटल्या बाहेर ठेवाव्यात. झिलई नसलेले मातीचे कुंडले (भांडे) पाणी पिऊन स्वतःच तापते आणि तडकते. कन्व्हेक्शनच्या वेळी मात्र कंपनीची धातूची जाळी चालते आणि प्लॅस्टिक चालत नाही. नियम उलटतो आणि बटण एकाच पट्टीवर असल्याने चूक सोपी होते.

गुळगुळीत कपातले साधे पाणी बुडबुडे न येता उत्कलनबिंदूच्या पुढे तापू शकते आणि चमचा किंवा चहाची पूड पडताच अंगावर उसळते. पाण्यात आधीच लाकडी चमचा ठेवला आणि वेळ संपल्यावर अर्धे मिनिट थांबले की हा धोका बराच कमी होतो. बाळाची दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये : बाटली कोमट लागते आणि मधले दूध पोळते.

शिळ्या अन्नाला मायक्रोवेव्ह शुद्ध करतो असे मानणे गोव्याच्या हवेत महागात पडते. उरलेले अन्न आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचावे लागते, पण तेवढेही काही विषांना पुरत नाही. दुपारपासून बाहेर राहिलेल्या उकड्या तांदळाच्या भातात बॅसिलस सीरियस हा जंतू जे विष सोडतो ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. बांगडे, तारले, कुपा हे मासे बाहेर राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होते. त्याने चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते, आणि तेही उष्णतेला दाद देत नाही. मासा बाजारातून येताच बर्फात किंवा फ्रिजमध्ये गेला नसेल तर पुढे कोणताही ओव्हन उपयोगाचा नाही.

आग : आतले काही पेटले तर दार उघडू नये. स्विच बंद करावा, हवा न मिळाल्याने ज्वाळा बहुधा तिथेच विझते. सुट्या ओव्हनच्या मागचा प्लग ओढता येतो; कपाटातल्या ओव्हनला शेजारचा स्विच किंवा एमसीबी हाच एक मार्ग असतो, आणि तो कुठे आहे हे घरात काम करणाऱ्या बाईलाही माहीत हवे. धूर कपाटाबाहेर येऊ लागला तर बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे.

स्वच्छता व बदल : लिंबाच्या फोडी घातलेले वाटीभर पाणी तीन-चार मिनिटे तापवून दार पाच मिनिटे बंद ठेवले की चिकटलेले डाग ओल्या फडक्याने निघतात, तारेचा ब्रश रंग काढतो. चवथीच्या आधी घर साफ होते तेव्हा कपाटाच्या मागच्या वाटेतले जाळेही काढून टाकावे. ओव्हन बदलताना जुन्या खणाचे माप आधी घ्यावे. युरोपीय धर्तीच्या खणाची रुंदी सुमारे ५६ सेंमी असते, पण मेस्तने हाताने कापलेले खण कोणत्याच मापात बसत नाहीत, आणि नवा ओव्हन दारात उभा असताना भोक मोठे करण्याची वेळ येते. जुना ओव्हन २०२२ च्या ई-कचरा नियमांत येतो. तो भंगारवाल्याकडे उघडण्यासाठी न देता अधिकृत संकलनाकडे द्यावा.