चालता येतं, तरी व्हीलचेअर

ग्रंथालयात वरच्या फळीवरचं एक पुस्तक हवं होतं. मी व्हीलचेअरचे ब्रेक लावले, पायपट्ट्या वर केल्या, उठले, पुस्तक काढलं आणि पुन्हा बसले. जेमतेम दहा सेकंद. शेजारच्या बाईंनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "अगं, तुला चालता येतं की!"

येतं ना. पण किती वेळ, आणि त्याचं नंतर काय होतं, हे बघणाऱ्याला दिसत नाही. ते समजायला साधं उभं राहणं म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

माणूस उठून उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीच्या भागातून खाली, पोटातल्या आणि पायांतल्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त तेवढं घटतं. मानेतल्या धमन्या आणि महाधमनी यांच्या भिंतींत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात, त्यांना हे लगेच कळतं. मेंदूकडून हुकूम सुटतो: रक्तवाहिन्या आवळा, ठोके थोडे वाढवा. निरोगी माणसाला यातलं काहीही जाणवत नाही, आणि इतकी चोख व्यवस्था रोज शंभरदा आपोआप चालते याचं मला अजून नवल वाटतं.

पॉट्स या विकारात नेमका हाच ताळमेळ बिघडतो. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी चढते, रक्तदाब मात्र तितकासा पडत नाही. हा त्रास तीन महिने टिकला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर हे निदान होतं. माझं निदान हेच. बसलेली असताना मनगटावर बोटं ठेवली की ७८ ठोके मोजता येतात, उभ्याने चार मिनिटं गेली की १२४. मग कानांत घूं असा आवाज, डोळ्यांपुढे अंधारी, हाताला घाम.

गंमत अशी की नुसतं उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्यामधल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून तर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. एका जागी उभं राहिलं की हा पंप जवळजवळ बंद. त्यामुळे मी घरभर वावरू शकते, पण रांगेत वीस मिनिटं उभी राहू शकत नाही. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना यात खोटेपणा दिसतो. मला वाटतं, शाळेत हृदय शिकवतात तेव्हाच पोटरीही शिकवली पाहिजे.

प्रत्येक आजाराचं गणित मात्र निराळं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चेतातंतूंवरचं आवरण ठिकठिकाणी झिजलेलं असतं, त्यामुळे संदेश कसाबसा पोचतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो वाटेतच अडू शकतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये व्यायामानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते हे नोंदवलं होतं. त्यामागे उष्णता आहे हे पुढे उमगलं. सकाळी गारव्यात चालणारी व्यक्ती दुपारी खुर्चीत दिसते, ती यामुळे. एहलर्स-डॅनलॉस या जन्मजात विकारात सांधे सैल असतात आणि पाऊल टाकताना गुडघा किंवा खुबा जागेवरून सरकू शकतो.

सगळ्यांत फसवा हिशेब एमई/सीएफएस या दीर्घकालीन थकव्याच्या आजाराचा. त्यात श्रमाची शिक्षा लगेच मिळत नाही. बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी माणूस कोसळतो आणि दिवसचे दिवस, कधी आठवडे अंथरुणाला खिळतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय तज्ज्ञांच्या समितीने २०१५ मध्ये हे या आजाराचं मुख्य लक्षण मानलं. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा जुना उपचार मागे घेतला. म्हणजे इथे "जमतंय तोवर चाल" हा सल्ला अपाय करतो. पाय दुखायला लागण्याच्या आधी, चांगलं वाटत असतानाच, खुर्चीत बसावं लागतं. लोकांच्या नजरा झेलत हे करणं फार अवघड आहे.

"पण पायांची सवय जाईल ना?" आईने मला हेच विचारलं होतं, आणि तिची भीती खोटी नव्हती. १९६६ मध्ये डलास इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून जास्त घसरली. पडून राहणं शरीराला झिजवतं, यात शंका नाही. मात्र खुर्ची नव्हती तेव्हा मी तेच करत होते: एका दिवसाच्या बाहेर जाण्यापायी तीन दिवस पडून. आता लांबचं अंतर चाकांवर जातं आणि उरलेली चाल मी जिन्याला, स्वयंपाकाला, फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामांना देते. महिन्याभरात पावलं वाढली आहेत.

खुर्चीलाही आपली किंमत आहे. तितक्याच कामाला पायांपेक्षा हातांनी हृदयाचे ठोके जास्त वाढतात, आणि वर्षानुवर्षं चाकं ढकलून खांदे दुखावतात. म्हणून कुणाला मोटरची खुर्ची लागते, कुणाला मागून ढकलणारं माणूस. मी आणि खुर्ची मिळून ७० किलो. गुळगुळीत सपाट फरशीवर खुर्ची चालती ठेवायला किलोभर वजन उचलण्याइतका जोर पुरतो. बारा फुटांत एक फूट चढणाऱ्या रॅम्पवर त्यात जवळपास सहा किलोंची भर पडते, तीही प्रत्येक ढकलीला. हात चाकाच्या बाहेरच्या, ढकलायच्या कड्यावरून सुटला की चाक लगेच मागे येऊ बघतं. मोठ्या चाकांचा आस किंचित पुढे घेतला तर भार लहान चाकांवरून हटतो आणि ढकलणं हलकं होतं, पण खुर्ची मागे कलंडायचा धोका वाढतो. थेरपिस्टने माझा आस दोनदा बदलला, तेव्हा कुठे जुळलं.

तरी लांब चढ आला की मी कधीकधी उतरते, मागच्या मुठी धरते आणि रिकामी खुर्ची ढकलत वर जाते. पोटऱ्या चालू असतात, हातांना आधार असतो, नाडी ११० च्या आत राहते. वर पोचले की ब्रेक लावते आणि बसते.