विकणारा, ओढणारा आणि वजनकाटा

ड्रग्जची बातमी आली की दोषी विकणारा की घेणारा यावर भांडण सुरू होतं, पण आपल्या कायद्यात हा हिशोब माणसाकडे बघून नाही, तर बराचसा ग्रॅमवर होतो. मुंबईचा या प्रश्नाशी संबंध तसा जुना, माळव्याची अफू इथूनच जहाजांनी चीनला जायची. 1839 मध्ये तिथल्या सरकारने अफूच्या 20 हजारांवर पेट्या नष्ट केल्या आणि पुढे युद्ध झालं.

आत्ताचा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा 1985 चा. तेव्हा गर्दुल्ल्यासाठी वेगळं, कमी शिक्षेचं कलम होतं, पण हेरॉइनसाठी ही सवलत फक्त पाव ग्रॅमपर्यंत, आणि ते स्वतःसाठीच होतं हे सिद्ध करायचं आरोपीनेच. नाही जमलं तर किमान 10 वर्षं! 1989 ला कायदा अजून कडक झाला, व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यासाठी 27 अ कलम आलं.

2001 मध्ये मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या केल्या. हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, 250 ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा, मधल्याला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आणि व्यापारीला 10 ते 20 वर्षं, शिवाय जामीन जवळपास अशक्य. हे बरं झालं, पण खरी गुंतागुंत इथूनच सुरू झाली, कारण वजन नक्की कशाचं करायचं? रस्त्यावरच्या पुडीत शुद्ध माल थोडाच असतो, बाकी पॅरासिटामॉल, कॅफीन, काय मिळेल ती पावडर. 2008 ला सुप्रीम कोर्टापुढे आलेल्या केसमध्ये जप्त माल 4 किलोच्या वर होता आणि त्यात शुद्ध हेरॉइन साधारण 60 ग्रॅम. कोर्ट म्हणालं शुद्ध तेवढंच मोजा, म्हणजे आरोपी व्यापारीतून मधल्या पायरीवर आला. सरकारला हे पटलं नाही, 2009 ला अधिसूचना काढून अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं ठरवलं, आणि एप्रिल 2020 मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने 2008 चा निकाल चुकीचा ठरवून तेच कायम केलं.

यामागचं लॉजिक कळतं, भेसळ करून विकणारा पावडरीच्या आड सुटायला नको, आणि भेसळीचा मालही माणसाला मारतोच. पण मला हा निकाल खटकतो तो घेणाऱ्याच्या बाजूने. 6 ग्रॅमची पुडी खिशात असलेला व्यसनी, ज्यात शुद्ध हेरॉइन अर्धा ग्रॅमही नाही, तो अल्प मात्रेतून बाहेर पडून मधल्या पायरीवर जातो. म्हणजे विकणाऱ्याने घातलेल्या पावडरीचं वजन गिऱ्हाइकाच्या शिक्षेत धरलं जातं, आणि भेसळ जितकी जास्त तितका तो जास्त अडकतो.

2020 मध्येच मुंबईतल्या फिल्म इंडस्ट्रीतल्या गाजलेल्या केसमध्ये एका अभिनेत्रीवर 27 अ लावलं होतं. ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने जामीन देताना सांगितलं की दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे खर्च करणं म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणं नव्हे. एवढा साधा फरक समजावून सांगायला हायकोर्ट लागलं, तोवर ती महिनाभर तुरुंगात होती.

उपचाराची वाट कायद्यात आहे, कलम 64 अ. स्वतःहून व्यसनमुक्तीला जाणाऱ्या व्यसनीवर खटला चालत नाही, मात्र सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातच, आणि उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. वरच्या 6 ग्रॅमवाल्याला बाळगल्याच्या गुन्ह्यात ही वाट बंदच.