वाघ "फक्त फिरायला" येतात म्हणे!

म्हादई अभयारण्यात पट्टेरी वाघ दिसला की आमच्या गोव्यात कोणीतरी म्हणतंच, अरे ते इथले नव्हेत, कर्नाटकातून नुसते फिरायला येतात. बरं, तसंच धरून चालूया. मग तर त्यांचं येणं अजूनच महत्त्वाचं ठरतं, गणितच करून बघा ना.

समजण्यासाठी सोपे आकडे घेते. एका जंगलात १०० प्राणी, जन्म कमी मरण जास्त, म्हणून दरवर्षी १० टक्के घट. ९०, ८१, ७३ असं होत २० वर्षांत जेमतेम १२ उरतात, पुढे शून्यच. आता बाकी काही न बदलता शेजारच्या जंगलातून दरवर्षी ५ प्राणी येऊ द्या. आकडा घसरतो, पण ५० पाशी थांबतो, कारण ५० चे १० टक्के म्हणजे ५, जेवढे गेले तेवढे आले! आणि १० प्राण्यांपासून सुरुवात केली तरी आकडा हळूहळू वर चढत त्याच ५० कडे जातो. मला हे दरवेळी थक्क करतं.

१९८८ मध्ये पुलियम या परिसंस्था-अभ्यासकांनी अशा जंगलांचं मॉडेल मांडलं, जास्तीचे प्राणी देणारं ते सोर्स आणि बाहेरच्यांवर टिकणारं ते सिंक. पण ते ५ प्राणी कुठून तरी यायला हवेत ना, सोर्समध्ये वर्षाला ३ च जास्त होत असतील आणि ५ निघून जात असतील तर तेही आटत जाणार आणि शेवटी दोन्ही जंगलं रिकामी. त्यात वाटेतल्या रस्त्यावर एखादा मेला तर सोर्समधून गेला आणि सिंकमध्ये पोचलाच नाही, म्हणजे त्याचा उपयोग कुठेच नाही.

शिवाय हे सगळं सरासरीचं झालं. थोडेच प्राणी असले की एक वाईट वर्ष पुरतं. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत ४ वाघ मेलेले सापडले, त्यात बछडे पण होते, एवढ्याशा संख्येला तो केवढा मोठा फटका! अशा वेळी बाहेरून येणारेच वाचवतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पँथर (म्हणजे तिथले प्यूमा) २०-३० वर आले होते, १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्या, नवं रक्त मिळालं आणि पुढे संख्या शंभरच्या वर गेली. तिथे माणसांना उचलून आणाव्या लागल्या, आपल्याकडे कर्नाटकातलं भीमगड, काळी आणि महाराष्ट्रातलं तिळारीचं जंगल म्हादईच्या आसपासच आहे, वाघ स्वतःच्या पायांनी येतात.

म्हणून गोव्यात वाघ किती एवढंच मोजून भागणार नाही. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखता येतो, तेव्हा गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांनी कॅमेऱ्यातले फोटो एकत्र ताडून वर्षाला किती येतात, किती जातात हे काढायला हवं, आणि गोवा-कर्नाटक सीमेवरच्या चोर्ला, अनमोड घाटात काही बांधायच्या आधी काढायला हवं.