शाश्वतता अहवालाच्या सॉफ्टवेअरची निवड (खान्देशातील उद्योग)

कारखान्याने वर्षभरात किती वीज, पाणी आणि इंधन वापरले, किती कचरा बाहेर काढला, किती कामगारांना इजा झाली, एकूण पगारातला किती वाटा बायकांच्या हाती गेला, या सगळ्याचा आकड्यांतला जमाखर्च म्हणजे शाश्वतता अहवाल. ही माहिती गोळा करणारे, तिच्यावरून कार्बन उत्सर्जन काढणारे आणि ठरलेल्या नमुन्यात उतरवणारे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न आता जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या उद्योगांपुढेही आला आहे.

भारतात या अहवालाचा मुख्य नमुना ‘सेबी’चा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा आहे. मे २०२१ मध्ये ‘सेबी’ने ‘बीआरएसआर’ (व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल) आणला आणि २०२२-२३ पासून तो बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना सक्तीचा झाला. त्याची उभारणी नऊ तत्त्वांवर आहे. जुलै २०२३ मध्ये त्यातले कळीचे आकडे वेगळे काढून ‘बीआरएसआर कोअर’ ठरवला गेला. हे आकडे त्रयस्थाकडून तपासून घेण्याची अट २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली. ती टप्प्याटप्प्याने पहिल्या १,००० पर्यंत जाते.

खान्देशात सूचीबद्ध कंपन्या मोजक्याच. जळगावच्या डाळमिल, प्लॅस्टिक चटई आणि पीव्हीसी पाइपचे कारखाने, तालुक्यातालुक्यांतल्या जिनिंग (कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या गिरण्या), धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतली युनिटे यांतली बहुतेक घरची किंवा भागीदारीतली. त्यांच्याकडे हा विषय गिऱ्हाइकामार्फत येतो. मुंबई-पुण्याची मोठी कंपनी आपल्या पुरवठादारांना भलीमोठी एक्सेल फाइल पाठवते आणि आठ दिवसांत भरून मागते. मूल्यसाखळीची, म्हणजे पुरवठादार-ग्राहकांची, ही माहिती ‘सेबी’ने ऐच्छिक ठेवली आहे. ज्या पुरवठादाराचा किंवा ग्राहकाचा वाटा कंपनीच्या खरेदी-विक्रीत २ टक्के वा त्याहून अधिक, तोच त्या कक्षेत येतो. तेव्हा पहिला निर्णय हा, की आपल्याला सॉफ्टवेअर लागते का. एकच आवार, एकच वीजजोडणी आणि वर्षातून एक-दोन प्रश्नावल्या असतील, तर नीट आखलेली एक्सेल पुरते. अशा उद्योगाच्या गळ्यात महागडी वार्षिक वर्गणी मारणे अन्यायाचे आहे. दोन-तीन ठिकाणी युनिटे, अनेक गिऱ्हाइके आणि बाहेरून तपासणी होणार असेल, तेव्हा मात्र सॉफ्टवेअर कामाला येते.

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? सॉफ्टवेअर हा पोहरा आहे. आड म्हणजे जनरेटरजवळ सुतळीने टांगलेली वही. दिवस, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, टाकलेले डिझेल, सही, एवढेच रकाने. एका लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे ४० लिटरच्या एका नोंदीचा १०८ किलोच्या आसपास हिशेब होतो. ज्या दिवशी रकाना कोरा राहिला, त्या दिवसाचा आकडा कोणतेही सॉफ्टवेअर निर्माण करू शकत नाही. निवडीची सुरुवात म्हणून विक्रेत्याला बोलावण्याआधी अशा वह्या, वजनकाट्याच्या पावत्या, गेटपास आणि बोअरवेलवरचे मीटर (बऱ्याच ठिकाणी ते नसतेच) हे सगळे एकदा फिरून पाहावे.

वीजबिल हा सॉफ्टवेअर पारखण्याचा उत्तम दगड आहे. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे ग्रिडमधून ओढलेल्या एकूण विजेवर निघते. उत्सर्जनाचा हिशेब मात्र केडब्ल्यूएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेवर होतो; यालाच आपण साधेपणी युनिट म्हणतो. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएचचे केव्हीएएचशी गुणोत्तर) ०.९५ असेल, तर १ लाख केव्हीएएच म्हणजे ९५,००० युनिट. देशाच्या ग्रिडवरची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. हा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. चुकीचा रकाना उचलला तर या एका बिलात साडेतीन टनांची चूक घुसते. छतावर सोलर असेल तर गुंता वाढतो. नेट मीटरिंगच्या बिलातले (घेतलेल्या विजेतून ग्रिडला दिलेली वीज वळती करणाऱ्या) वजावट झालेले युनिट चालत नाहीत. ग्रिडमधून घेतलेली, पॅनेलवर तयार झालेली आणि ग्रिडला दिलेली वीज वेगवेगळी लागते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. अशी पवनऊर्जा कराराने विकत घेणाऱ्या कंपनीला स्कोप २ चे, म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचे, उत्सर्जन दोन्ही पद्धतींनी मांडता आले पाहिजे, ग्रिडच्या सरासरीने आणि खरेदीच्या कराराने. ‘जीएचजी प्रोटोकॉल’ या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने २०१५ मध्ये ही दुहेरी मांडणी घालून दिली. म्हणून डेमोत विक्रेत्याचा तयार नमुना पाहत बसू नये. आपलीच मागच्या वर्षाची बारा बिले पुढे ठेवावीत आणि आपल्या डोळ्यांदेखत भरायला सांगावीत.

इथल्या उद्योगाच्या काही खुणा परगावच्या सॉफ्टवेअरला ठाऊक नसतात. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या ठोकळ्यांवर, चालणारा बॉयलर घ्या. जैवइंधनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड स्कोप १ मध्ये, म्हणजे स्वतःच्या आवारातल्या थेट उत्सर्जनात, न धरता वेगळा दाखवायचा असतो, पण त्याच धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्येच येतो. पुष्कळ साध्या प्रणाल्या दोन्ही एकाच खात्यात टाकतात किंवा दोन्ही सोडून देतात. रावेर-यावल पट्ट्यात केळीची शीतगृहे आणि रायपनिंग चेंबर (केळी पिकवण्याच्या खोल्या) आहेत. त्यांतल्या गारवा देणाऱ्या वायूची गळतीही मोजावी लागते. अमोनियाचा तापमानवाढीवरचा थेट परिणाम शून्य, तर आर-२२ या शीतकरण वायूचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट भारी. असा वायूचा सिलिंडर हिशेबात बहुधा ‘दुरुस्ती खर्च’ म्हणून बसलेला असतो, तेव्हा खरेदीच्या खात्यातून तो शोधून काढण्याची सोय हवी.

हंगाम ही तिसरी खूण. जिनिंग दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि उन्हाळ्यात थंडावते. मागच्या महिन्याशी तुलना करून ‘वापर अचानक वाढला’ असा इशारा देणारे सॉफ्टवेअर दर नोव्हेंबरला खोटी बोंब मारेल आणि मग खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी पाहणार नाही. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी व्हायला हवी.

भाषेचा मुद्दा विक्रेते हलक्यावर घेतात, पण निवडीत त्याला वरचे स्थान द्यावे. शॉपफ्लोरवर बोलणे अहिराणीत किंवा लेवा बोलीत, नोंद मराठीत. रात्रपाळीचा ऑपरेटर आकडा भरणार असेल तर पडदा मराठी हवा, मोबाइलवरून बिलाचा फोटो चढवता यावा आणि नेटवर्क गेले तरी नोंद जपून राहावी. नाहीतर महिनाअखेरीस कोणीतरी एकटा बसून अंदाजाने तीस दिवस भरतो.

तपासणीसाठी प्रत्येक आकड्यामागे मूळ कागद जोडलेला असावा. कोणी, कधी, काय बदलले हे पुसता येऊ नये. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला अशी बदलनोंद १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. इथेही तीच मागणी धरावी. एकके आपोआप बदलावीत, कारण ‘बीआरएसआर’ ऊर्जा जूलमध्ये, पाणी किलोलिटरमध्ये आणि कचरा टनांत मागतो. १ लाख युनिट म्हणजे ३६० गिगाजूल. शिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे घातक कचऱ्याचा वार्षिक तपशील ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत जाते. त्या कागदांतला आणि शाश्वतता अहवालातला आकडा वेगळा निघाला तर खुलासा कंपनीलाच करावा लागतो. दोन्ही एका ठिकाणाहून निघणे म्हणून मोलाचे.

दर विचारताना वर्गणीखेरीज सुरुवातीची बसवणी, प्रत्येक वाढीव लॉगिन आणि दर वर्षी बदलणाऱ्या नमुन्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा. करार संपल्यावर मूळ कागदांसह सगळी माहिती साध्या फाइलींत परत मिळेल, हे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. अहवालाचे वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने नवी पद्धत १ एप्रिलला सुरू झालेली बरी. जिनिंगवाल्यांना मात्र जून ते सप्टेंबरचा बंद काळ सोयीचा जातो. यंत्रे थांबलेली असतात, मीटर बसवता येतात आणि ऑपरेटरला शिकवायला वेळ मिळतो.