महाधमनीतली कापडी नळी

‘स्टेंट टाकला’ म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली, हे आता आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. स्टेंट ग्राफ्टची, म्हणजे जाळी जोडलेल्या कापडी नळीची, गोष्ट मात्र रक्तवाहिनी फुगण्यापासून सुरू होते. हृदयातून निघालेली महाधमनी पोटात साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. वाढतं वय, विडी-सिगारेट, रक्तदाब आणि काही घराण्यांत आनुवंशिकता यांमुळे तिची भिंत सैल पडते आणि एखाद्या जागी फुगा धरते. ३ सेंटिमीटरपासून डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात आणि साडेपाचच्या आसपास शस्त्रक्रियेचा विषय काढतात. तोवर बहुधा काही दुखत नाही, खुपत नाही. फुटला तर अनेक रुग्ण इस्पितळापर्यंतही पोचत नाहीत.

इथे स्टेंटची नुसती जाळी घालून भागत नाही. जाळीच्या भोकांतून रक्त फुगवट्यात जातच राहणार. म्हणून आतून कापडी नळीचं अस्तर लावायचं आणि जाळीने ते दोन्ही टोकांना ताणून धरायचं, की रक्त नळीतून पुढे जातं आणि फुगवट्यावरचा दाब उतरतो. सांगायला दोन ओळी पुरतात, पण ते कापड आणि ती जाळी एकत्र यायला कित्येक दशकं गेली.

१८१७ मध्ये लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी महाधमनी दोऱ्याने बांधून पाहिली. रुग्ण वाचला नाही. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी आइनस्टाइन यांच्या महाधमनीभोवती सेलोफेन गुंडाळलं. त्याच्या टोचणीने भोवती घट्ट ऊती तयार होऊन भिंत आवळली जावी, हा हेतू. आइनस्टाइन पुढे सहा वर्षांहून जास्त जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. एव्हाना शस्त्रक्रिया निघाली होती: १९५१ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी फुगलेला भाग कापून काढला आणि तिथे मृत व्यक्तीच्या महाधमनीचा तुकडा शिवला. पण असे तुकडे रोज आणायचे कुठून?

उत्तर कापडात सापडलं. न्यूयॉर्कमध्ये आर्थर वूरहीज यांना प्रयोगातल्या एका कुत्र्याच्या हृदयात चुकून राहिलेला रेशमी टाका दिसला. त्यावर शरीराने आपलं गुळगुळीत अस्तर चढवलं होतं. धाग्यावर चढतं तर कापडावर का चढू नये, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी आधी रेशमी रुमालाची नळी शिवून पाहिली, मग विन्यॉन-एन नावाच्या कृत्रिम कापडाची, आणि १९५२ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. ह्यूस्टनचे मायकल डिबेकी नायलॉन आणायला दुकानात गेले, तर तिथे नायलॉन संपलेलं. त्यांनी डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचं कापड, घेतलं आणि घरी बायकोच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. शिवण ते लहानपणी आईकडून शिकले होते. या इतिहासातला मला सर्वांत प्रिय प्रसंग हाच. त्या शिवणकामाच्या जोरावर जगभर लोक जगले, आणि ९७ व्या वर्षी महाधमनीची भिंत फाटली तेव्हा खुद्द डिबेकीही तशाच शस्त्रक्रियेतून बाहेर आले.

पण त्यासाठी पोट वरपासून खालपर्यंत उघडावं लागे, महाधमनीला चिमटा लावून रक्त थांबवावं लागे. हा आजार मुख्यतः म्हाताऱ्यांचा आणि धूम्रपान करणाऱ्यांचा. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज सर्वांत जास्त, नेमकी त्यांचीच फुप्फुसं आणि हृदय एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नसत.

अर्जेंटिनाचे हुआन परोदी १९७६ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला शिकत होते, तेव्हापासून हे त्यांना खात होतं. चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्येच रक्तवाहिनीत आतून नळी सरकवून ती रुंद करून दाखवली होती. मग कापडही आतूनच का नेऊ नये? परोदींच्या सुरुवातीच्या तारा प्रयोगांत टिकल्या नाहीत. १९८८ मध्ये त्यांची गाठ हुलिओ पालमाझ यांच्याशी पडली. तेही अर्जेंटिनाचेच, आणि फुग्याने फुलवता येणारा धातूचा स्टेंट त्यांच्याकडे तयार होता. परोदी यांनी पातळ डेक्रॉनची नळी त्या स्टेंटवर टाके घालून बसवली, निम्मा स्टेंट कापडाच्या आत आणि निम्मा बाहेर. सप्टेंबर १९९० मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये जांघेत छोटा छेद घेऊन ही घडी घातलेली नळी महाधमनीत नेली आणि स्टेंटमधला फुगा फुगवून भिंतीला टेकवली. सुरुवातीला स्टेंट फक्त वरच्या टोकाला होता. खालच्या मोकळ्या टोकाकडून रक्त मागे फिरतं हे कळल्यावर तिथेही बसवला.

परोदींच्या आधीचं एक नाव मात्र फार काळ वगळलं गेलं. सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकिव्हला निकोलाय वोलोदोस यांनी नागमोडी तारेचे स्प्रिंग आणि कापड एकत्र करून १९८५ मध्ये कमरेखालच्या धमनीत असं अस्तर बसवलं होतं. १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत ते बसवणारेही तेच पहिले. निबंध रशियन भाषेत छापले गेले, पश्चिमेकडे वाचले कुणी नाहीत. श्रेय मिळालं ते फार उशिरा. ही शोधकथा परोदींपासून सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

नव्वदच्या दशकात वेग आला. स्टॅनफर्डच्या मायकल डेक यांनी छातीत नळी बसवली, तर टिमोथी च्यूटर यांनी पायांकडे जाणाऱ्या दोन फाट्यांसाठी पाटलोणीसारखी दुहेरी नळी केली. निकेल-टायटॅनियमची नायटिनॉल तार आली. ती दाबून बारीक केली तरी सोडताच, शरीराच्या उबेत, मूळ आकार घेते. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेने दोन उपकरणांना परवानगी दिली. त्यांतल्या ‘ॲनक्युअर’ची यंत्रणा नळी सोडताना शरीरात अडकत असे, आणि कंपनीने हजारो घटना सरकारपासून दडवल्या. त्यांत १२ मृत्यू होते. २००३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि ९ कोटी २४ लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

पद्धत कितपत खरी उतरते, हे ब्रिटनच्या ‘ईव्हार-१’ चाचणीने तपासलं. पहिल्या ३० दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी ४.७ टक्के दगावले, आतून नळी बसवलेल्यांपैकी १.७ टक्के. पण पंधरा वर्षांचा हिशेब २०१६ मध्ये मांडला, तेव्हा आठ वर्षांनंतरचं चित्र उलटं होतं. आतल्या नळीच्या कडेने किंवा बाजूच्या बारीक धमन्यांतून फुगवट्यात रक्त झिरपतं, त्याला एंडोलीक म्हणतात. महाधमनीचा फुगा पुन्हा वाढून फुटल्याने नळी बसवलेल्या गटातले मृत्यू वाढले होते. म्हणून आज नळी बसवलेला रुग्ण दोनतीन दिवसांत घरी गेला, तरी त्याच्या हातात पुढच्या तपासणीची तारीख देतात. पहिल्या वर्षी सीटी स्कॅन, सारं ठीक असेल तर पुढे दरवर्षी सोनोग्राफी किंवा स्कॅन, जन्मभर.