पार्श्वभूमी : ‘ओपन इलेक्टिव्ह’मधलं ओपन किती?

बारावीनंतर ‘आर्ट्सला घातलाय’ हे सातारा-सांगलीकडे अजूनही जरा खालच्या आवाजातच सांगतात. त्याच आर्ट्सला आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (मोकळ्या निवडीचा विषय) अशी बिरुदं लागली आहेत आणि आपला अभ्यास आपण आखायचा, असं प्रवेशाच्या वेळी पोरांना सांगितलं जातं.

जुना काळ थोडक्यात. कऱ्हाडजवळच्या काले गावात १९१९ मध्ये निघालेल्या शिक्षणसंस्थेनं १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेज काढलं. फीऐवजी श्रम देऊन तिथं शिकता येई. विषय मात्र विद्यापीठ ठरवील तेच. जवळपास त्याच सुमारास, १९४६ मध्ये, अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका शेतावर युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी छोटं कॉलेज सुरू झालं. शेतावरच्या जुन्या इमारतींचे वर्ग झाले, त्यात विद्यार्थ्यांचेही हात लागले. शेवटची दोन वर्षं विद्यार्थी प्राध्यापकांशी बोलून आपला अभ्यास आपणच आखायचा. घाम दोन्हीकडे होता, आखणी एकीकडेच. पटसंख्या आणि पैसा टिकेना म्हणून २०२० मध्ये ते कॉलेज बंद झालं. आपल्याकडे नवं शैक्षणिक धोरण आलं तेही त्याच वर्षी.

त्याआधी २०१५ पासून ‘चॉइस बेस्ड’, म्हणजे काही विषय विद्यार्थ्यानं निवडायची, पद्धत आली होती. खेड्यातल्या कॉलेजात चॉइस बहुधा कॉलेजच करायचं. बीए भाग तीनला ‘स्पेशल’, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठला, एवढाच खरा प्रश्न उरायचा, आणि तोही कुठले सर चांगले शिकवतात यावरून सुटायचा.

खरा घोळ नवं धोरण राबवण्यासाठी निघालेल्या एप्रिल २०२३ च्या राज्याच्या शासन निर्णयापासून. ओपन इलेक्टिव्ह हे मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच हवं, अशी अट त्यात आली. स्वायत्त कॉलेजांना ती २०२३-२४ पासून लागली, संलग्न कॉलेजांना पुढच्या वर्षी. हेतू चांगला, याबद्दल वाद नाही : मराठीच्या मुलीला हिशेब कळावा, विज्ञानाच्या मुलानं इतिहास वाचावा. पण जत, आटपाडी, माण भागात जिथं कला आणि फार तर वाणिज्य एवढ्याच शाखा आहेत, तिथं मराठी मेजर घेणाऱ्या मुलीपुढे उरतं काय? वाणिज्यचा एखादा पेपर. तोही तासिका तत्त्वावरचे सर मिळाले तर. म्हणजे निवड करायची ती वेळापत्रकानं, मुलीनं फक्त फॉर्मवर खूण करायची. ‘ओपन’ शब्दाचा अर्थ शाखेचं कुंपण मोडणं असा होता, तो कुंपणापलीकडे जे सापडेल ते घेणं असा झाला.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं ‘स्वयम्’ पोर्टल. सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करण्याची मुभा २०२१ पासून आहे. यादी मोठी, विषय भरपूर. पण ज्या मुलीला वाणिज्यचा पेपर वर्गात बसून, शंका विचारून शिकायचा आहे, तिला मोबाइलच्या पडद्याकडे पाठवणं ही तडजोडच.

आपला अभ्यास आपण आखण्याच्या सगळ्यांत जवळ जातो तो फिल्ड प्रोजेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचा अभ्यास, आणि त्यावर कुणी फारसं भांडत नाही. तासगावच्या बेदाणा शेडवर राबणाऱ्या बायकांची मजुरी किंवा गावात येणाऱ्या टँकरच्या खेपा, असा विषय मुलगी स्वतः निवडते, माणसं स्वतः गाठते. तीन वर्षांच्या पदवीचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या वजनाचे गुणांक, १२० ते १३२. त्यात या प्रोजेक्टचे २.