डोंगरातल्या फुलांची फोटोग्राफी

डोंगरातल्या फुलांची फोटोग्राफी म्हणजे उंचावरच्या कुरणांत, पठारांवर, कड्याच्या खाचांत आपणहून उगवलेल्या रानफुलांचे आणि डोंगराळ भागातल्या बागांमध्ये मुद्दाम लावलेल्या फुलांचे फोटो काढणं. मॅक्रो (छोट्या गोष्टींचे अगदी जवळून काढलेले फोटो) आणि लँडस्केप (निसर्गदृश्यं) या दोन प्रकारांच्या मधलं हे काम आहे, कारण नखाएवढं फूल पण हवं असतं आणि मागचं शिखर पण. नवीन माणूस पहिला प्रश्न लेन्सचा विचारतो, पण खरं बघायला गेलं तर लेन्सचा नंबर तिसरा, आधी तारीख आणि मग वारा.

तारखेचं गणित उंचीवर चालतं. दर १००० मीटर वर गेलं की हवा साधारण ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते, त्यामुळे बहर एकदम येत नाही तर पायथ्यापासून वर चढत जातो. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये याचा एक ठोकताळा मांडला, की वसंतातल्या घटना दर ४०० फुटांना म्हणजे सुमारे १२० मीटरला चार दिवस उशिरा होतात. हा आकडा उत्तर अमेरिकेचा आहे, सगळीकडे तंतोतंत लागू होईल असं नाही, पण त्यातून निघणारी युक्ती बहुतेक बर्फाळ डोंगरांत चालते: खाली फुलं सुकली असतील तर निराश न होता ६०० मीटर वर जायचं, तिथे तोच बहर दोन-तीन आठवडे मागे असतो. त्याहून सोपी खूण म्हणजे वितळणारं बर्फ. सावलीतल्या खोलगट जागेत उन्हाळ्यातही बर्फाचा तुकडा पडून असतो आणि त्याच्या कडेला अगदी ताजी, नुकतीच उमललेली फुलं सापडतात. पावसावर चालणाऱ्या डोंगरांचं कॅलेंडर वेगळं, उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स जुलै-ऑगस्टमध्ये भरात असते, सह्याद्रीतलं कासचं पठार ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास. आणि नीलकुरिंजीसारखी झाडं तर १२ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलतात, २००६ ला फुलली, मग थेट २०१८ ला, तिथे चुकलं की चुकलं.

आता वारा. ऊन चढलं की उतार तापतात, गरम हवा वर सरकते आणि दरीतून डोंगराकडे वारा सुरू होतो, तो दुपारभर थांबत नाही. म्हणून सूर्योदयानंतरचे तास-दोन तास शांत मिळतात, पाकळ्यांवर दव असतं, प्रकाश मऊ असतो, सगळं छान, पण नेमकी तेव्हाच कितीतरी फुलं मिटलेली असतात! जेन्शियन, क्रोकस, ट्यूलिप ही मंडळी थंडीत पाकळ्या आवळून बसतात आणि ऊब लागली की उघडतात. म्हणजे फूल उघडेपर्यंत वारा सुटायची वेळ झालेली असते. या दोघांच्या मधे जी काय अर्धा-पाऊण तासाची फट सापडते तीच खरी कामाची वेळ. त्यात पण झुळूक आलीच तर अंगाने आडोसा करायचा, देठाजवळ आधाराची काडी रोवून चिमट्याने हलकेच धरायचं, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवून शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवायचं. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेलं फूल मात्र नंतर कशानेच सुधारत नाही. जमिनीलगत वाढणाऱ्या गादीसारख्या झाडांचा त्रास कमी, कारण जमिनीजवळ वाऱ्याचा जोरच कमी असतो (ती तशी बुटकी राहतात त्याचं एक कारण हेच), पण लांब देठाची पॉपी म्हणजे परीक्षाच.

मॅक्रोत आणखी एक अडचण, फोकसची खोली. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ आकारात (सेन्सरवर फूल खऱ्या मापाचं) एफ/८ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक) जेमतेम १ मिलिमीटर भाग धारदार येतो, एफ/१६ ला जवळपास २. छिद्र अजून बारीक केलं तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच मऊ पडायला लागतं. उपाय म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत दहा-वीस फोटो घेऊन नंतर जोडणे, पण त्याला फूल स्तब्ध लागतं, म्हणजे फिरून पुन्हा वाऱ्यापाशीच आलो. नाहीतर सेन्सर फुलाच्या तोंडाला समांतर धरायचा आणि पुंकेसरांवर फोकस ठेवून बाकीचं धूसर होऊ द्यायचं, पुष्कळदा हेच जास्त देखणं दिसतं. फूल आणि शिखर दोन्ही एका फोटोत हवं असेल तर वाइड लेन्स घेऊन फुलापासून वीतभर अंतरावर, जवळजवळ झोपूनच काढावा लागतो, एफ/११ ते एफ/१६. इथे फोन भारी कॅमेऱ्याला हरवतो बरं का, सेन्सर लहान असल्यामुळे खोली आपोआप जास्त मिळते.

उंचीवरचं ऊन कडक असतं, अतिनील किरणं दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि दुपारच्या सावल्या काळ्याकुट्ट पडतात. पातळ ढग आले तर उत्तम, नाहीतर डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारा पडदा) किंवा पांढरी छत्री. पांढऱ्या फुलाचं एक्सपोजर फसवतं. फ्रेमभर फूल असेल तर कॅमेरा ते करडं करतो म्हणून एक्सपोजर वाढवायचं, आणि गडद हिरवळीत एकच छोटं फूल असेल तर उलट कमी करायचं, नाहीतर पाकळ्यांचा नुसता पांढरा डाग उरतो. लाल फुलात एकटा लाल चॅनेलच फुटतो (लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन बारकावे पुसतात), तेव्हा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघावा. निळ्याची गोष्ट मजेशीर आहे: फिल्मच्या काळात काही निळी फुलं गुलाबट-जांभळी यायची, कारण डोळ्याला जेमतेम दिसणारा अतिलाल टोकाचा प्रकाश ती भरपूर परावर्तित करतात आणि फिल्म तो पकडायची. डिजिटलमध्ये सेन्सरपुढे फिल्टर असतो तरी निळं-जांभळं थोडं घसरतंच, म्हणून रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद, जिचे रंग नंतर सुधारता येतात) काढून ठेवलेली बरी.

बागेत वारा आणि उतार यांचा ताप कमी, पण पाट्या, पाण्याच्या नळ्या, मागचं कुंपण हे सगळं फ्रेममध्ये घुसतं. वाफ्यात पाय टाकता येत नाही आणि ट्रायपॉडला पुष्कळ ठिकाणी बंदी असते, तेव्हा ७०-२०० मिलिमीटरसारखी लांब लेन्स घेऊन मागचं सगळं धूसर करून टाकणे सोयीचं. डोंगरी झाडांच्या खास बागा शिकायला मस्त, फ्रेंच आल्प्समधली लोतारेची बाग १८९९ पासून २१०० मीटर उंचीवर आहे, तिथे प्रत्येक झाडाचं नाव लिहिलेलं मिळतं, जे रानात कोणी सांगत नाही.

नुकसान हा या छंदाचा काळा भाग. मॉस कॅम्पियन या जमिनीलगत वाढणाऱ्या झाडाची हातभर गादी शेकडो वर्षांची असू शकते आणि एका गुडघ्याखाली चेपली जाते. चांगल्या अँगलसाठी आजूबाजूचं गवत उपटणे हे तर सर्रास चालतं, त्यापेक्षा गवत हाताने बाजूला वाकवून धरावं. दुर्मिळ ऑर्किडचा फोटो इंटरनेटवर टाकताना त्यातली जीपीएसची (ठिकाणाची) नोंद काढून टाकतात, कारण फोटोमागोमाग कंद खणणारे पोचतात.

ओळख पटवायला नुसता सुंदर चेहरा पुरत नाही. पानं, देठ, फुलाची मागची बाजू आणि आजूबाजूची जागा असे चार-पाच साधे फोटो लागतात. ब्रह्मकमळात पाकळ्या म्हणून जे दिसतं ते खरं तर पातळ छद (फुलांभोवतीची पानं) असतात आणि खरी बारकी जांभळट फुलं आत दडलेली, एडलवाइस या डोंगरी फुलाचं पण तसंच, ते पांढरं लोकरीचं म्हणजे पानंच. मधे फोकस केला नाही तर फुलाच्या फोटोत फूलच धूसर येतं.